विजेत्या बोटीचं वजन

दि. १४ ऑक्टोबर, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. दादाच्या गुडघ्याखालची उशी शिवत होतो, ती बाजूला ठेवून लिहितो आहे.

ती. मामा, नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका. इथला गुडघा ठणठणीत आहे, कारण घरात त्याच्याइतके लाड कोणाचेच होत नाहीत.

दादाला लहानपणी बोटीत तुम्हीच बसवलंत, म्हणून तुम्हाला सगळं कळायला हवं. हा माणूस एका गुडघ्यावर बसतो, एकाच बाजूला वल्हं मारतो (दुसरीही बाजू असते, हे वीस वर्षांत त्याच्या लक्षात आलेलं नाही), दोन मिनिटांत पाचशे मीटर जातो आणि उरलेलं वर्षभर त्याबद्दल बोलतो. सहा वेळा विजेता झाल्यापासून पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलत नाही. खांदा दुखावेल म्हणतो.

रविवारी सातव्यांदा पहिला आला. बोट किनाऱ्याला लागण्याआधीच त्याने फोटोसाठी हनुवटी वर केली (आरशासमोर सराव असतो). मग नियमाप्रमाणे बोट काट्यावर ठेवली. चौदा किलोच्या खाली भरली की बाद. भरली तेरा किलो आठशे पन्नास ग्रॅम. पंचांनी तीनदा मोजली, तशी हनुवटी हळूहळू खाली आली. ज्याला ताटातला बटाटा ग्रॅमवर मोजून लागतो, त्याला स्वतःची बोट मोजायचं सुचू नये?

तंबूत येऊन तो एवढंच म्हणाला, "बोटीला हात कोणी लावला होता?"

मी आकाशाकडे पाहिलं. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "माझ्याशिवाय कोण लावतो?"

झालं. त्यांना महिनाअखेरीपासून येऊ नका म्हणून सांगितलं. अकरा वर्षं त्याच्या बोटी सांधणारा माणूस. वल्ही पुसून जागेवर लावली आणि गेला. दादाला बोटीतलं फार कळत नाही, माणसातलं तर त्याहून कमी.

आपला भाचा

ता. क. शनिवारी बोट मी साफ केली होती. उशीच्या मागे, काळ्या चिकटपट्टीखाली कसलासा मळकट तुकडा होता. विजेत्याच्या बोटीत असलं काही शोभत नाही, म्हणून काढला; डिंकाचे डागही घासून टाकले. तुकडा शिशाचा होता. वजन पुरं भरावं म्हणून काकांनीच लावलेला.

पुन्हा ता. क. शुक्रवारपर्यंत या. तुमच्यासमोर दादा आवाज चढवत नाही. तुम्ही त्याच्याजवळ नुसते बसा, सांगेन मीच. पत्र वाऱ्याने उडू नये म्हणून आत्ता त्याच्यावर तोच तुकडा ठेवला आहे. बरोबर दीडशे ग्रॅम, दोनदा मोजला.