पास्कूने शिवलेले पंख

२९ ऑगस्ट
परवा सकाळी पेज चुलीवर ठेवली, कोंबड्या सोडल्या, अळूची पानं कापली, परसातली मोडलेली फांदी ओढत नेऊन कुंपणाला लावली. हात धुऊन आत आले तर सुलू, माझी धाकटी जाऊ, ओटीवर चटई टाकून बसलेली. चतुर्थीची साफसफाई चालली होती. पुढ्यात ह्यांचे विमानांचे फोटो, एका हातात खोबरेलाची वाटी, दुसऱ्या हातात फडकं.
“बुरशी इल्ली गो बाय. देवांच्या चौकटींका लावतंय तसाच तेल लावलंय. बघ कसे चकचकतत.”
चकचकत होते खरे. एकेक उलटून पाहिला. मागे ह्यांनी बॉलपेनने लिहिलेलं सगळं, कुठलं विमान, शेजारी कोण, तेलाने फुटून निळं निळं झालंय. एक अक्षर लागत नाही.
पेज उतरवली.

३० ऑगस्ट
तिला ओरडले नाही ते बरंच झालं. सुलूने मनापासून केलं. रडायला मात्र ती बसली, आणि समजूत मला काढावी लागली.
हे मुंबईबाहेरच्या एका माळावर, शिकाऊ विमानांच्या क्लबात कामाला होते. छोटी जुनी विमानं, दोन माणसं बसतील एवढी. हाताने पंखा फिरवून इंजिन चालू करून द्यायचं हे ह्यांचं काम. रविवारी फोटो काढायचे. तो माळ मी कधी पाहिला नाही. मी इथे आचऱ्याला, सासूबाईंजवळ. माझ्याकडे त्या दिवसांचं आहे ते एवढंच.
फोटोंवर तांदळाचं पीठ भुरभुरून ठेवलंय. तेल थोडं ओढून घेतलं.

३१ ऑगस्ट
मागे काय होतं ते आठवून लिहायला बसले. चार फोटोंचं आठवलं, त्यातल्या दोनांची खात्री नाही. हे सांगायचे तेव्हा मी भाजी चिरत हूं हूं करायची.
आता सांगू शकेल असा एकच माणूस. वेंगुर्ल्याचा पास्कू. विमानांच्या पंखांवर तेव्हा कापड असे. ते कापणारा, पंखांच्या लाकडी बरगड्यांवर ताणून शिवणारा शिंपी तो. ह्यांच्याच खोलीत राहायचा. त्याच्या सुनेला फोन केला. म्हणाली, “येवा, पण लवकर येवा. पप्पांची नजर चलली.”

३ सप्टेंबर
वेंगुर्ल्याला जाऊन आले. दमले, पण लिहून ठेवते.
पास्कूभावोजी ओसरीवर वेताच्या खुर्चीत. काचबिंदू. “समोरचा तेवढा दिसता वयनी, नळीतसून बघल्यासारखा. ता पण जातला म्हणता डॉक्टर. तू जरा नळीत ये बघूया.” मी समोर सरकले. “म्हातारी झालंस गो.” म्हटलं, तुमची नळी साफ आहे तर.
फोटो नाकाशी धरून वास घेतला. “खोबरेल? विमानांका न्हाणी घातलंस काय?”
मग एकेक. ते सांगत गेले, मी पेन्सिलीने मागे लिहीत गेले. चेहऱ्यांपेक्षा ठिगळांवरून ओळखतात. “ही पुष्पक. शेपटेर ठिगळ दिसता मा? ता माजा. शिडी पडान भोक पडला, आणि सायबाक सांगितला कावळ्यान चोच मारल्यान.” टायगर मॉथ नावाचं वर-खाली दोन दोन पंखांचं विमान. त्या कापडावर चोपडायच्या रोगणाचा वास अजून स्वप्नात येतो म्हणाले, नखं रंगवतात त्यासारखा. एका फोटोत हे, खाकी अर्धी चड्डी, पंख्यावर हात. “बघ तुजो घोव. उभो कसो, जसो काय मालकच.”
खूप हसलो. सुनेने दोनदा चहा केला.
मग अपघाताचे तीन फोटो आले. नाक चिखलात रुतलेलं विमान. भावोजींनी पहिला हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि खाली ठेवला.
“ह्ये आत ठेव.”
काय लिहू मागे, विचारलं.
“काय लिव नको. पोरगो गेलो त्यात. शिकाऊ. पंख मी शिवलले.”
पुढचे फोटो पाहिलेच नाहीत. कुंपणाच्या बेड्यापर्यंत पोचवायला सून आली. म्हणाली, त्यानंतर नोकरी सोडून गावी आले, काजूच्या कारखान्यात राहिले. घरात शिलाईचं मशीन आहे, कधी हात लावला नाही. तिच्या लग्नातला झगासुद्धा बाहेर शिवून घेतला.

५ सप्टेंबर
उरलेल्या फोटोंचं राहिलंच. पण डोक्यात ते तीनच.
हे शेवटच्या आजारात दोन-तीनदा म्हणाले होते, “पास्कूक एक फोटो दाखवचो आसा. तो बघनाच नाय.” मला वाटलं, जुनी गंमत असेल काहीतरी. विचारलं नाही. त्या दिवसांत औषधं, पथ्य, रात्रीचं उठणं ह्यापलीकडे

६ सप्टेंबर
काल झोप लागली लिहिता लिहिता.
आज फोटो दारात उजेडाला धरले. ह्यांचे बाकी सगळे फोटो लांबून काढलेले. अख्खं विमान, वर आभाळ, कडेला माणसं. हे तीन तसे नाहीत. पहिल्यात विमान आहे, पण पुढच्या दोनांत नुसता पंख. अगदी जवळून. माणूस नाही, आभाळ नाही. पोरगा गेलेल्या ठिकाणी उभं राहून ह्यांनी एका पंखाचे फोटो का काढावेत?
बारीक टायपाची पुस्तकं वाचायला भिंग आहे, ते घेतलं. टोकाकडे कापड फाटलंय. फांदीत किंवा कुंपणात अडकलं असावं, आतली बरगडी दिसते. पण शिवणीचे टाके ओळीने आहेत. फाट टाक्यांच्या बाजूने गेलीय, टाक्यांतून नाही. कापड फाटलंय, शिवण नाही.
पुन्हा पाहिलं. सुलूला दाखवलं. ती म्हणाली, “टाके आसत गो, मोजूक येतत.”

७ सप्टेंबर
फोन केला.
“भावोजी, शिवण सुटलेली नाय. भिंगातसून बघितलंय.”
“तू शिंपीण कधीपासून?”
“शिंपीण नाय. पण घरातला फाटका सगळा मीच शिवलंय. उसवलला खयचा आणि फाटलला खयचा, ता माका कळता.”
पलीकडे वेताची खुर्ची करकरली.
“दोन पंख होते, वयनी. दुसरो खंय आसा तुज्या फोटोत?”
आणि ठेवला.

८ सप्टेंबर
खरं आहे. दुसरा पंख चिखलात आहे. पहिल्या फोटोत त्याचा काठ दिसतो तेवढाच. ह्यांना तो खणून काढता आला नसता.
दिवसभर ह्याच्यावर विचार केला. पण एक पंख तर आहे. इतकी वर्षं हा माणूस दोन्ही पंख मनात उसवून बसलाय. त्यातला एक तरी शाबूत होता हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. माझ्या सांगण्यावर विसंबू नये. मी घरातली ठिगळं लावणारी, तो त्या कामाचा माणूस. टाका त्याचा आहे, ओळखेल तर तोच.
आणि मी वाकडं वाचलं असेल तर तेही त्यालाच कळेल. ते सांगायची भीती वाटते मला. तरी.

१० सप्टेंबर
सुनेचा फोन. पप्पा जेवत नाहीत नीट. आधी वाटलं, रागावली. मग म्हणाली, “तुमी येवा मावशी. ते नको म्हणतत, पण काल माका विचारत होते, वयनी फोटो घेवन गेली काय हयच ठेवल्यान म्हणान.”
डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात पुन्हा डोळे तपासायला बोलावलंय. तोवर समोरचं किती राहील ते सांगत नाहीत.

११ सप्टेंबर
सुलूला सांगितलं, उद्या जाते.
“चतुर्थी दोन दिसांर इली आणि तू विमानां घेवन खंय चललंस? माटवी कोण बांधतलो?”
“तू बांध.”
“माका गाठी जमणत नाय.”
“मग तुज्या घोवाक सांग. त्येंचो भाव असतो तर बांधल्यानच असतो.”
मग सुलूने स्वतःच उठून गणपतीवर बांधायच्या माटवीच्या फळीला लागणारे आंबाड्याचे घोस, कवंडळं, नारळ एका टोपलीत काढून ठेवले. जाताना म्हणाली, “तेल मी लावलंय, बाय. तेंका सांग, त्या बाईक अक्कल नाय म्हणान.” म्हटलं, तू तेल लावलं नसतंस तर मी फोटो कपाटातून काढलेच नसते. हे तिचं मन राखायला बोलले, पण बोलल्यावर वाटलं, खोटं नाही.
तिन्ही फोटो जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळले.

१२ सप्टेंबर
पहिल्या गाडीने वेंगुर्ल्याला गेले. भावोजी ओसरीवर पाठ करून बसले होते. “इलंस?” म्हणाले, वळले नाहीत. सुनेकडून स्टूल मागून घेतलं, त्यांच्या समोर ठेवलं, त्यावर पंखाचा फोटो आणि भिंग ठेवलं, आणि बाजूला जमिनीवर बसले. भावोजींनी भिंग उचललं आणि फोटो नळीत धरला.