बोनसची फळं

मुलुंड, ४ ऑक्टोबर २०२५

चि. सर्वेशला आईचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या ट्रेनिंगवाल्यांनी फोन काढून घेतले, म्हणून हा पत्राचा खटाटोप. बाबांची सर्दी बरी आहे. श्रुतिका कॉलेजच्या नावाखाली अंधेरीला कुठे भटकते, देव जाणे.

आता मेलं सांगायलाच हवं. तू बजावलं होतंस, रोज घरच्या कॉम्प्युटरवर तुझा गेम उघडायचा, बोनसचं सोनेरी फळ आलं की घ्यायचं आणि साठवायचं, वापरायचं नाही. पण तुझी ती चार माणसं शेकोटीजवळ तोंड पाडून बसलेली. टोपलीभर फळं आणि पोरं उपाशी? राहवलं नाही रे. तलवारवाल्याला दिली, धनुष्यवाल्याला दिली, गदावाल्या जाड्याला दोन जास्तच. मागे ती वैदूबाई होती. म्हटलं, बाईमाणसाचं काय, नंतर बघू. तोवर संपली.

श्रुतिका किंचाळलीच, आई, वाट लावलीस म्हणून. म्हणे खाल्लेलं फळ परत येत नाही, आणि त्याशिवाय शेवटची लढाई जिंकता येत नाही. तुझी दोन वर्षांची मेहनत मी एका दुपारी वाढून मोकळी झाले. घशाखाली घास उतरत नाही. हवं तर रागाव, पण पत्र लिही.

तुझी अपराधी,
आई

नाशिक, १२ ऑक्टोबर २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

आधी डोकंच फिरलं, खोटं कशाला बोलू? मग मेसमध्ये जेवताना हसू आलं. जाड्याला दोन जास्त? धन्य आहेस!

पण आई, ती फळं मी त्या वैदूबाईसाठीच जमवली होती. ती सगळ्यांना बरं करत फिरते, स्वतःकडे बघत नाही आणि शेवटच्या लढाईत तीच आधी पडते. तिचं नाव मी मनात रत्नप्रभा ठेवलंय, तुझं. आणि तू नेमकं तिलाच उपाशी ठेवलंस! आता मलाच अपराधी वाटतंय. घरी तू कधी जेवतेस, हे मला आठवतच नाही गं.

दिवाळीचं फळ येईल ते तिलाच दे. श्रुतिकाला माझ्यातर्फे एक धपाटा. माया पातळ करू नकोस.

तुझा,
सर्वेश

मुलुंड, २२ ऑक्टोबर २०२५

चि. सर्वेशला आशीर्वाद.

फराळ पाठवलाय. चकल्या यंदा मऊ पडल्यात, मित्रांना आधी लाडू दे.

फळ आलं. तिलाच दिलं. पण काय सांगू, बटण दाबायच्या आधी मी मागे वळून पाहिलं, घरातलं कुणी बघत नाही ना.

तुझी,
आई