गुरनुलेभाऊचं आंगण

लाडाच्या पायल,

हे पत्र मी तुले धाडत नाई, धाडलं तं तुह्यासाठी खोली सोडली म्हणून तू रागावशील. पर खुशी पोटात मावून नाई राह्यली. बल्लारपूरच्या खोलीचं डिपाझिट पुरं भेटलं! आता तुह्या होस्टेलची जागा जात नाई.

झालं असं. तू नागपूरले नर्सिंग शिकाले गेली, मले करमेना. मंग घरमालक गुरनुलेभाऊचं सिमेंटचं आंगण मी शेणानं सारवत जाय. सारवल्याबिगर घर भकास वाटते वं. तुह्या होस्टेलच्या पैशासाठी खोली सोडली त्या दिवशी गुरनुलेभाऊ कडाडले, "आजी, सिमेंट कोनी सारवते काय? डिपाझिट विसरा आता!" मी रडत रडत घासाले बसली.

तेवढ्यात त्यायची म्हातारी माय काठी टेकत आली. सारवलेल्या जागी बसली, हात फिरवला अन् म्हणे, "पोरा, पैसे दे तिचे. माहेर सुटल्यापासून अशा आंगणात बसली नवती मी. अन् बाई, तू घासू नको."

मंग मी घासलेलं तेवढं परत सारवून देल्लं, तवाच निंगाली.

उद्या सुनिलकाका पैसे घेऊन तुह्याकडे नागपूरले येते. पहिले गादी घे. मैत्रिणीच्या खोलीत फरशीवर लय झोपली तू.

तुही आजी,
इतवारी