आठ रूळ आणि एक फळी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन्न, धंदा पंखे, मिक्सर व इस्त्री दुरुस्ती, असे लिहून ठेवतो की पुढील वस्तू मी स्वतःच्या हाताने, कुणाकडेही न शिकता केल्या आहेत: एकाहत्तर फूट रूळमार्ग, भंगारातून वजनावर आणलेल्या पितळी पट्टीचा; त्याखाली दर अर्ध्या इंचाला एक याप्रमाणे सतराशे चार स्लीपर, आइस्क्रीमच्या काड्यांचे; दोन इंजिने, मोटारी जुन्या टेपरेकॉर्डरच्या; अकरा डबे, बुटांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे; एक डोंगर, रद्दी आणि खळीचा; मालगाडीतला कोळसा, म्हणजे वाळवलेली उकळून झालेली चहापूड; आणि स्टेशनवरचे चालू घड्याळ, जे पत्नीच्या बंद पडलेल्या मनगटी घड्याळातून केले. ते बंद पडलेले नव्हते असे तिचे म्हणणे आहे. नवे विकत घेतले ते फक्त खिळे, वायर आणि सोल्डर.

परवा माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, शंभरातले अठ्ठ्याण्णव चालत घरी जातात. माझ्या दुकानात आयुष्यभर उरलेले दोनच येत आले, म्हणून डोके ठिकाणावर असताना, कुणाच्या दडपणाशिवाय हे लिहीत आहे.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर, बँकेतली ठेव आणि दुकान विकून जे येईल ते, सर्व माझ्या पत्नीचे. ती गेली चार वर्षे परगावी मुलीकडे राहते. आमचे भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. दर रविवारी तिचा फोन येतो. "जेवलात का?" मी हो म्हणतो. मग ती विचारते, "काय जेवलात?" तेव्हा माझी पंचाईत होते. ऑपरेशनचे मी तिला अजून सांगितलेले नाही.

कलम २. ज्या खेळण्यांच्या दुकानदाराने, एका इंजिनाची किंमत विचारल्यावर माझ्या चपलांकडे पाहून "बघायला पैसे पडत नाहीत, बघा" असे म्हटले होते, त्याला काहीही देऊ नये. मात्र त्याला एकदा बोलावून गाडी चालताना दाखवावी. चहा देऊ नये. समोरच्या घरातील निवृत्त हिशेबनीस, ज्यांनी मला गल्लीभर "स्टेशनमास्तर" हे नाव चिकटवले, त्यांना माझी शिट्टी द्यावी. नाव मला आता आवडते.

कलम ३. रेल्वेचे टेबल. हे घोड्याच्या नालाच्या आकाराचे, तीन भिंतींना लागून, दोन बाजू दहा-दहा फूट आणि मधली आठ फूट, असे आहे. ते आतल्या खोलीत जागेवरच बांधलेले असल्यामुळे दारातून बाहेर निघत नाही. फळ्या कापून देणाऱ्या सुताराने त्याच दिवशी सांगितले होते, "मास्तर, तीन टेबलं करा. कोपऱ्यात बोल्ट मारू. उद्या घर बदललं तर?" मी म्हणालो, "माझं टेबल एकसंध राहणार. बोल्टचे पैसे वाचतील आणि रुळाला सांधा येणार नाही." तो म्हणाला, "मग दार पाडायला मला बोलवा." त्याचे बरोबर होते, एवढेच इथे नोंदवतो.

कलम ४. हे कलम माझ्या मेहुण्याविषयी, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाविषयी आहे. तो खऱ्या रेल्वेत रुळांच्या देखभालीवर होता. मी रूळ जोडताना जोडपट्ट्या विकत न घेता टोकाला टोक लावून सोल्डर केले होते, एकाहत्तर फूट, एक रेघ. याचा मला फार अभिमान होता. पहिल्या उन्हाळ्यात गाडी दुपारी एकनंतर कोपऱ्यावर घसरू लागली. सकाळी ठीक, दुपारी आडवी. मी चाके बदलली, डब्यांत शिसे घालून वजन वाढवले, खोडरबराने रूळ घासले, ट्रान्सफॉर्मर बदलला. दोन उन्हाळे गेले. मेहुणा एका दुपारी जेवायला आला होता. त्याने कोपऱ्यावर नुसता अंगठा फिरवला.

"दाजी, रूळ तापून फुगलाय. वाढायला जागा कुठंय त्याला? दोन्ही कोपऱ्यांत फट ठेवा."

मी म्हणालो, "हातोडा मारणाऱ्यांनी इंजिनिअरिंग शिकवू नये."

पत्नी ताट वाढत होती. तो म्हणाला, "ताई, मला आज भूक नाही गं." चप्पल घालून गेला, तो परत या घरात आला नाही. त्याला तेरा वर्षे झाली.

पुढच्या आठवड्यात, पत्नी बाजारात गेलेली असताना, मी लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याने दोन्ही कोपऱ्यांत रूळ कापले. जाणारा मार्ग आणि येणारा मार्ग मिळून कोपऱ्याला चार, एकूण आठ. फटीमुळे वीज तुटते, म्हणून खालून तार जोडली. फटी इतक्या बारीक आहेत की सांगितल्याशिवाय दिसत नाहीत. त्या दिवसापासून गाडी कधी घसरली नाही. घरात मी सांगितले की दोष चाकांत होता.

हे फक्त मुलीला माहीत होते. ती तेव्हा चौदा वर्षांची, टेबलाखाली बसून मला तार देत होती. तिने विचारले, "बाबा, म्हणजे मामा बरोबर होता ना?" मी म्हणालो, "अभ्यासाला बस." तिने ते आजवर कुणाला सांगितले नाही. तिला मी माझ्या खोटेपणात सोबती केले, याचा खेद आहे.

कलम ५. चार वर्षांपूर्वी मुलगी-जावयाने मोठे घर घेतले आणि आम्हा दोघांना कायमचे बोलावले. तिने फोनवर सांगितले, "बाबा, तळमजल्याची एक खोली फक्त गाडीसाठी ठेवलीये. मापं घेतलीयेत, तुमचा नाल बसतो. भिंतींना आभाळाचा रंग दिलाय." पत्नीचे सामान दोन दिवसांत बांधून झाले. ती म्हणाली, "टेबल कापावं लागेल ना? कापू या." मी म्हणालो, "फळी कापायची म्हणजे रूळ कापायचे. अखंड रूळ आहेत. एकदा कापले की गाडी संपली."

रूळ त्याच्या नऊ वर्षे आधीच कापलेले होते, आणि नेमके त्याच दोन कोपऱ्यांत. राहिली होती ती फक्त फळी. पण हे सांगायचे तर फटी दाखवाव्या लागल्या असत्या, फटी दाखवायच्या तर मेहुण्याचे नाव घ्यावे लागले असते, आणि तो उपाशी उठून गेला होता. ती पंधरा मिनिटे दारात उभी राहिली. मी इंजिनाला तेल देत होतो. त्याला तेलाची गरज नव्हती.

ती आधी चार महिन्यांसाठी म्हणून गेली. मग नात झाली. नातीने गाडी फोनच्या पडद्यावर पाहिली आहे. आभाळी रंगाची खोली अजून रिकामी आहे असे मुलगी सांगते. तिथे कपडे वाळत घालतात.

कलम ६. माझ्यामागे रेल्वे त्या खोलीत न्यावी. टेबल कापताना मेहुण्याला बोलवावे आणि तो म्हणेल त्याच रेषेवर करवत धरावी. टेबलाखाली मी लाल पेन्सिलीने रेघ मारली आहे. तिच्यात आणि त्याच्या म्हणण्यात फरक पडल्यास त्याचे म्हणणे धरावे. करवत वरून चालवू नये, खालून चालवावी. आठ तारांना आठ रंगांचे दोरे बांधले आहेत, त्याच रंगाला तोच रंग जोडावा. बोगद्यात हात जात नाही, नातीचा जाईल. पहिली गाडी मेहुण्याने सोडावी. त्याआधी मुलीने सर्वांसमोर, जेवायला बसल्यावर, कलम ४ मोठ्याने वाचावे आणि मेहुणा जेवून उठेपर्यंत कुणीही उठू नये.

कलम ७. सोल्डरिंगची कांडी, पक्कड आणि पात्याची ती करवत मेहुण्यास. वापरावी अशी अट नाही. घड्याळ स्टेशनवरून काढून पत्नीस परत द्यावे. दिवसाला दोन मिनिटे मागे पडते; तो दोष माझा, घड्याळाचा नाही.

मी ऑपरेशनमधून चालत घरी आलो तर कलम ६ मधली कामे मीच करावीत असा विचार आहे. पण असे विचार मी याआधीही केलेले आहेत, म्हणून कागदावर भिस्त ठेवतो. अंमलबजावणी मुलीकडे.

ठिकाण: आतली खोली, टेबलाच्या डाव्या कोपऱ्याजवळ.
दिनांक: सोळा, मंगळवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटे. गाडी चालू आहे.

सही: (स्टेशनमास्तर)
साक्षीदार पहिला: सुतार, कलम ३ मधील.
साक्षीदार दुसरा: खालच्या मजल्यावरील कंपाउंडर, ज्यांनी नाडी पाहून मी शुद्धीत असल्याचे सांगितले.

पुरवणी, सह्या झाल्यावर, त्याच दोघांसमोर: सुताराने सही करून पेन खाली ठेवले आणि विचारले, "मास्तर, ते नाही लिहिलं? बाई माझ्याकडे आल्या होत्या ते?" मी म्हणालो, ते लिहायचे राहिले. राहिले नव्हते, टाळले होते. म्हणून लिहितो. कलम ५ मधल्या त्या पंधरा मिनिटांत पत्नी नुसती उभी नव्हती. ती आधीच सुताराला भेटून, भाव ठरवून आली होती. ती म्हणाली, "अहो, दोन काप, बोल्ट, आणि तिकडे येऊन परत जोडून देणं, सगळं तो करतोय. पैसे मी देते, पडदे शिवलेत त्यातले. तुम्ही फक्त हो म्हणा आणि चला." तिने पैसे रुमालात बांधून आणले होते. तिचा हा देकार मी नाकारला. रक्कम बाराशे.