सरांची आई

कन्हान, ९ फेब्रुवारी २०२५

दादा,

नमस्कार. आईच्या तेरवीनंतर दोन वर्षं तुला पत्र नाही, फोन नाही. क्षमा असावी. शांत झाल्यावर लिहीन असं ठरवलं होतं. शांत काही झाले नाही, म्हणून तशीच लिहायला बसले.

इकडे सगळं ठीक. कॉलेजात बारावीची परीक्षा तोंडावर आहे. वहिनी, ऋषिकेश बरे असतील. तू राज्याचा आरोग्य सल्लागार झाल्यापासून चौकात तुझे मोठाले फलक लागलेत. शनिवारी गावाकडून सत्कार. समितीचे आनंदराव काल घरी आले होते. "डॉक्टरसाहेबाच्या बहिणीनं दोन शब्द बोलायलेच पाह्यजे, मॅडम!" मी विचार करते म्हणाले.

एका खोलीच्या दवाखान्यापासून तू शहरात, रामदासपेठेत, एवढं रुग्णालय उभं केलंस, हे खरं आहे. मला त्याचा अभिमान होता. तो का गेला, हे तू कधी विचारलं नाहीस.

परवा टीव्हीवर तू पुन्हा तेच सांगितलंस. आई कन्हानहून उशिरा पोचली म्हणून गेली, आणि त्या दिवसापासून तू खेड्यांसाठी काम करायचं ठरवलंस. दुसऱ्या दिवशी डेअरीवर भीमाबाईंनी चारचौघांत हटकलं. "काहून वं मिनल, आईले न्यायले एवढा उशीर काहून केला तुनं? भाऊ एवढा मोठा डॉक्टर, अन् तू घरीच बसून राहिली!"

मी दूध न घेताच परत आले. खरंच केला का मी उशीर? दिवसभर हेच. आई चहा पिताना कळवळली आणि तो चहा निवायच्या आत मी तिला शेजाऱ्यांच्या गाडीत बसवलं होतं. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. नाही केला, दादा.

उशीर तुझ्या रुग्णालयात झाला. आतड्याला पीळ पडलाय, लगेच ऑपरेशन करावं लागेल, हे तुझ्या सर्जननं तपासताच सांगितलं. थिएटर रिकामं होतं. पण तो पुढे होईना. "सरांच्या आई आहेत, मॅडम. सरांना विचारल्याशिवाय कसं करू?" तू मुंबईत, मंत्र्यांच्या बैठकीत, फोन बंद. तुला न विचारता निर्णय घेतला म्हणून एका डॉक्टरला तू सगळ्या स्टाफसमोर कामावरून काढलं होतंस, हे तिथल्या आयांनाही ठाऊक होतं. म्हणून सगळे आईची चादर बदलत होते, एसी कमी-जास्त करत होते. आई त्या सर्जनला म्हणाली, "काहून गा, माह्या पोटाले बी जितेंद्राचीच परवानगी लागते का?" तो ओशाळून हसला.

आमच्यानंतर आलेली एक भाजीवाली, तिचंही पोटच, सरळ आत नेली. ती वाचली. ती कुठल्या सरांची आई नव्हती. तुझा फोन लागला तोवर आईचं आतडं काळं पडलं होतं.

एवढ्यावर मी तुझ्याशी अबोला धरला नसता. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. पण तू त्याचं भाषण केलंस आणि दोष माझ्या पदरात टाकलास. आता पेपरात वाचते, सल्लागार म्हणून तुझी पहिलीच शिफारस अशी की तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांनी मोठ्या ऑपरेशनाआधी वरून परवानगी घ्यावी. तुला अजून कळलं नाही, की कळून घ्यायचं नाही?

हे मी सूडानं लिहितेय का, तेही स्वतःला विचारलं. थोडं सूडानं आहे, नाकारत नाही. पण उद्या इथल्या डॉक्टरनं हातात हत्यारं असताना फोनकडे बघत बसायचं, आणि खाटेवर कुणीतरी तळमळत असायचं, त्याच्यापुढे माझा राग फार छोटा आहे.

शिफारस मागे घे. घेतलीस तर व्यासपीठावरून ते मीच सांगेन, अभिमानानं. नाही घेतलीस, तरी बोलणार आहे. आईला कुठे थांबवून ठेवलं म्हणून ती गेली ते गावाला सांगणार आहे, तू शेजारच्या खुर्चीत हार घालून बसलेला असताना. आधी कळवतेय, कारण पाठीमागून करणं मला जमणार नाही.

आईची,
मिनल

ता. क. उद्या आनंदरावांना होकार कळवतेय.