धाकटीचा आवाज माझ्या हाती

३ मार्च, सोमवार

रिमोट मी धुतला म्हणे! उशांचे अभ्रे मशीनमध्ये टाकले, त्यातल्या एकात तो दडून बसला होता, यात माझा काय गुन्हा? अभ्र्यात रिमोट सारतं कोण? मुलगा. लोळत बघतो आणि उशीत खुपसतो. पण नाव म्हातारीचं. सून म्हणाली, "निदान स्वच्छ तरी निघाला." टोमणे मारायला तिला मीच शिकवलं, आता भोगते.

टीव्हीचं चित्र दिसतं, पण आवाज खालच्या काळ्या पेटीतून येतो. रिसिव्हर म्हणतात तिला. आता आवाज कमी-जास्त करायचा तर गुडघे धरून उठायचं, पेटीवरचं झाकण उचलायचं, चाक फिरवायचं, झाकण परत सोडायचं. झाकण मी शिवलंय, झालर लावून, पुढून पायापर्यंत. धूळ बसत नाही. त्याचं कौतुक कुणाला!

५ मार्च, बुधवार

तसला रिमोट दुकानात मिळत नाही. मुलानं दुसराच आणला. "आई, हा एकच सगळ्यांना चालतो." म्हटलं, असं या घरात आजवर कुणी जन्मलं नाही.

पण त्याला आधी शिकवावं लागतं. एक बटण दाबून धरायचं, लाल दिवा लागला की चार आकडी नंबर द्यायचा, मग बंदचं बटण दाबायचं. पेटी बंद झाली तर नंबर बरोबर. नंबरांचं पुस्तकच दिलंय सोबत. मुलगा संध्याकाळभर दाबत बसला. पेटी ढिम्म. पुस्तक संपत आलं, त्याचा धीर संपला. "रिमोटच भिकार आहे!" मी म्हटलं, तुझ्या मास्तरांनी हेच सांगितलं होतं तुझ्याबद्दल, तरी मी तुला परत नाही केला.

६ मार्च, गुरुवार

आज मजा झाली. लिहितानासुद्धा हसू येतंय.

आमची पेटी गॅलरीच्या दाराशी. दाराबाहेर गल्ली, गल्लीपलीकडे धाकटीची बैठक. धाकटी म्हणजे माझी जाऊ. गल्ली एवढी अरुंद की इकडे शिंकलं तर तिकडून कुणी तरी 'जप गं' म्हणेल. ती नाही म्हणणार. आम्ही बोलत नाही. सासूच्या शिलाई मशीनवरून बिनसलं. दिरानं आणि आमच्या ह्यांनी वाटणी केली — वरचं मशीन मला, खालचं पायडलचं टेबल तिला! दोघे भाऊ शेवटपर्यंत गळ्यात गळे घालून होते, मशीनवर शिवता मात्र आम्हा दोघींपैकी कुणालाच आलं नाही. त्या टेबलावर बाई आता टीव्ही ठेवते. तोंड आमच्याकडे. आणि पेटीसकट ते होम थिएटर? हुबेहूब आमचंच. आधी तिच्या लेकानं घेतलं, मग आमच्याला राहवेना. त्याच दुकानातून, तेच.

तर मुलगा पेटीवर नेम धरून नंबर देत होता आणि मी बाहेर बघत होते. एका नंबराला तिच्याकडची गाणी गप्प. तिनं उठून पेटीला चापट मारली, बटण दाबून परत चालू केली.

मुलगा म्हणाला, "हाही नाही चालत."

"थांब. तोच परत दे."

दिला. परत गप्प! परत चापट!

"हाच राहू दे," म्हटलं.

"अगं, पेटी कुठे बंद झाली?"

"होईल. नव्याला जरा दम द्यावा लागतो."

७ मार्च, शुक्रवार

आवाज बंदचं बटण डावीकडे, वरून दुसरं. पाठ झालं.

१० मार्च, सोमवार

दुपारची मालिका मी इकडे, धाकटी तिकडे, दोघी बघतो. त्यातली सासू किती तरी दिवस बेशुद्ध होती, आज डोळे उघडले. जिन्यावरून ढकललं कुणी, ते सांगायला तिनं ओठ हलवले — आणि मी धाकटीचा आवाज बंद केला. धाकटी उठली, वाकली, कान लावला, टीव्हीच्या मागे जाऊन बघितलं. मागे सासू बसली असेल का गं! मी पदर तोंडात कोंबला. ती जागेवर बसली की आवाज चालू. टेकली की बंद. या नादात माझ्याच मालिकेत कुणी ढकललं ते मला कळलं नाही. असू दे. एवढं सुख बऱ्याच दिवसांत लागलं नव्हतं.

१३ मार्च, गुरुवार

तिच्याकडे मेकॅनिक आला. पेटी खोलली, फुंकर मारली, "काही बिघाड नाही" म्हणाला. तो होता तोवर मी गप्प बसले. तो जिना उतरला आणि मी बटण दाबलं.

संध्याकाळी सून म्हणाली — सुना एकमेकींशी बोलतात, त्यांना लाज नाही — "काकू मुलीकडे राहायला चालल्या. कायमच्या."

"का?"

"म्हणतात, समोरचं माणूस बोलत नाही ते नाहीच, आता घरातलं यंत्रही माझ्याशी अबोला धरतं. मग इथे राहू कुणासाठी?"

म्हटलं, जाऊ दे. भांडी घासली. घासलेली परत घासली. सून बघत होती.

१५ मार्च, शनिवार

रिमोट कपाटात टाकला होता. मुलानं शोधून काढला, पेटीपुढे जाऊन बसला, आणि झाकण उचलून किंचाळला, "आई! पेटीचा डोळा इथे आहे, पुढे! तू त्याच्यावर झालर सोडलीस!" म्हणजे आमची पेटी आंधळी करून ठेवली होती मी. झाकण निघालं, पेटी पहिल्या दाबाला चालू. तो नंबर बरोबरच होता. मला ते आधीच ठाऊक होतं, पण सांगते कशाला!

वायरी पायात येतात म्हणून टीव्ही, पेटी सगळं आतल्या भिंतीला हलवलं. आता तोंड गॅलरीकडे. धाकटीच्या टीव्हीसमोर माझा टीव्ही.

तिच्या बैठकीत दोन बॅगा दिसल्या.

१६ मार्च, रविवार

पहिला शब्द मी बोलणार नाही हे ठरलेलंच. पण न बोलता कळवता येतं.

गॅलरीत गेले. भर दुपारी, केस विंचरून. रिमोट उंच धरला, तिला दिसेलसा. तिच्या डोळ्यांदेखत आवाज बंद केला. चालू केला. बंद केला. चालू केला. घे! भूत नाही, बिघाड नाही. मी होते.

धाकटीनं माझ्याकडे बघितलं, रिमोटकडे बघितलं. आणि पडदा ओढला.

पडदा! मी आयुष्यात कुणापुढे एवढी वाकले नव्हते. उद्या जायची असेल तर आज जा म्हणावं.

१८ मार्च, मंगळवार

मालिका लागली. सासूनं आज कोर्टात बोट उचललं, तोंड उघडलं — आणि माझा आवाज गेला. वाढवला. परत गेला. वाढवला, परत! बाहेर बघते तर समोरचा पडदा वीतभर सरकलेला, आणि त्या फटीतून एक हात, हातात रिमोट. बांगड्या हलत होत्या. हसत होती टवळी!

मी गॅलरीतून ओरडले, "धाकटे, माझा आवाज परत दे!"

पहिला शब्द माझा गेला. गेला तर गेला. सुनांनी मध्ये पडायचं नाही, मुलांनी तर मुळीच नाही. हाक मी मारलीय, ओ धाकटीनंच द्यायची.