फॉर्मवर लिहिलेलं 'नाही'

हैदराबाद, मंगळवार

लाडक्या चंदूस आणि मुरुडच्या घरी सगळ्यांना ताईचे आशीर्वाद.

ऑपरेशन नीट झालं, आतड्यातली गाठ निघाली. काल अर्धी इडली खाल्ली. यकृतात पसरलंय का, ते शुक्रवारी कळेल. तू जेवतेस ना वेळेवर?

इथली एक तरुण डॉक्टर त्यावरच संशोधन करते. म्हणाली, "काकू, पेशीत काही लांब आरएनए असतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून पूर्वी त्यांना कुणी विचारत नव्हतं. पण त्यातले काही कॅन्सरला पसरायला मदत करतात." तिला माझ्या गाठीचा तुकडा हवा होता.

"मला उपयोग होईल?"

"तुम्हाला नाही. पुढच्यांना."

खरं बोलली, म्हणून सही केली. फॉर्मवर विचारलं होतं, भावंडांना असा काही त्रास? मी 'नाही' लिहिलं.

चंदू, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू स्वयंपाकघरात कुजबुजलीस, "ताई, रक्त पडतंय. मूळव्याध असंल गं. कुणाला बोलू नको." मीही वर्षभर मूळव्याध समजून चूर्णच घेत बसले. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात एका पांघरुणात आपण सगळं बोलायचो, फक्त शरीराचं सोडून.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते. आज फॉर्म दुरुस्त केला आणि तुझ्या वरदलाही सगळं सांगितलं. सोमवारी तो तुला लातूरला कॅमेऱ्याच्या तपासणीला नेईल. लेकाला कळलं म्हणून वर्षभर अबोला धर माझ्याशी. पण त्याच्या गाडीत बस.

तुझीच,
ताई